दुसरे प्रेम आणि न संपलेला शोक : वास्तववादी प्रेमकथा लिहिताना

कवडसा :

सध्या मी एका कादंबरीवर काम करते आहे आणि त्या निमित्ताने एक प्रश्न सविस्तर मांडते आहे. कथेची नायिका वसुधा ४१ वर्षांची आहे. तिचा नवरा अनिरुद्ध १४ महिन्यांपूर्वी अचानक गेला. आजारपण नाही, निरोप नाही. सकाळी कामावर गेलेला माणूस घरी परतलाच नाही. कथा सुरू होते तेव्हा वसुधा पुन्हा कामावर रुजू झालेली आहे, घर चालवते आहे, आणि ओळखीच्या बहुतेकांनी ती सावरली असे परस्पर ठरवून टाकले आहे. अशा वेळी तिची माधवशी ओळख होते. तो तिच्याच वयाचा आहे, घटस्फोटित आहे, कामाच्या निमित्ताने वरचेवर भेटतो, आणि त्याच्याशी बोलताना आपण घड्याळाकडे पाहायचे विसरतो हे एके दिवशी तिच्या ध्यानात येते.

या विषयावरच्या कथांची एक मळलेली वाट आहे. आधी रडणे, मग नवा माणूस, शेवटी भिंतीवरचा फोटो कपाटात. प्रेम हे शोकावरचे औषध आहे, असे गृहीत धरून ही रचना उभी राहते. मला ती नुसती जुनी वाटत नाही, खोटी वाटते, आणि ज्याचे माणूस गेले आहे अशा वाचकावर अन्याय करणारीही वाटते. कारण जो अजून शोकात आहे त्याला योग्य जोडीदार भेटला नाही एवढेच त्याचे दुखणे आहे, असा तिचा अर्थ निघतो. माझी धारणा अशी आहे की शोक संपल्यावर प्रेम सुरू होत नाही आणि प्रेम सुरू झाल्यामुळे शोक संपत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या एकाच दिवसात नांदतात, आणि कथेचा खरा विषय हे नांदणेच असतो.

याच कारणाने मला मृत व्यक्तीकडून परवानगी मिळवून देण्याची युक्ती वापरायची नाही. जुन्या वहीत सापडलेले पत्र, स्वप्नात येऊन दिलेला आशीर्वाद, मरणापूर्वी सहज बोललेले 'माझ्यामागे एकटी राहू नकोस' हे वाक्य, या सगळ्यांनी नायिकेचा भार हलका होतो खरा, पण जो निर्णय घेता यावा म्हणून अख्खी कादंबरी लिहिली जाते तोच तिच्या हातून काढून घेतला जातो. अनिरुद्ध काही बोलून गेलेला नाही. तो काय म्हणाला असता हे वसुधाला कधीच कळणार नाही, आणि तरीही तिला ठरवायचे आहे.

तत्त्व म्हणून हे मला स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो प्रत्यक्ष पानावरचा. एका प्रसंगात प्रेमाची ओढ आणि शोकाचे वजन दोन्ही जाणवावीत, एकाने दुसऱ्याला झाकून टाकू नये, यासाठी आपण काय करता? तपशील, संवाद, प्रसंगांचा क्रम, काळाची मांडणी, कशाहीविषयी लिहावे.

पैलतीर :

मी शोकग्रस्तांच्या आधारगटांत काम केले आहे आणि कथालेखनही करतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

पहिली गोष्ट पाच टप्प्यांची. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हा क्रम आता इतका रुळला आहे की अनेक लेखक कादंबरीचे भागच त्यानुसार पाडतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मुख्यतः मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्या माणसांना ते पुढे लागू केले गेले. प्रत्यक्षात कोणी या टप्प्यांतून ओळीने जाताना मी पाहिलेले नाही. मंगळवारी अगदी समंजसपणे बोलणारे माणूस गुरुवारी किराणा भरताना चिडून सामान तिथेच टाकून निघून जाते, आणि शुक्रवारी कोणाच्या तरी लग्नात मनापासून हसते. वसुधाला स्वीकाराच्या टप्प्यावर पोहोचवून मग माधवच्या हाती सोपवायचे, असा आराखडा मनात असेल तर तो सोडून द्यावा.

आपल्या प्रश्नाला जास्त जवळची मांडणी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये केली. त्यांच्या मते शोकात माणूस दोन दिशांमध्ये ये-जा करीत असतो. एक दिशा गमावलेल्या माणसाकडे तोंड करून असते : आठवणी, ओढ, रडणे, जुने फोटो. दुसरी दिशा बदललेल्या आयुष्याकडे : पूर्वी जोडीदार करीत असे ती कामे शिकणे, नवी ओळख, नवी नाती. महत्त्वाचे हे की ही ये-जा म्हणजे बिघाड नव्हे. शोक पेलण्याची रीतच तशी आहे. एका दिशेला दीर्घकाळ खिळून राहणे कोणालाच झेपत नाही, म्हणून माणूस मधूनमधून दुःखाकडे पाठ फिरवतो आणि मग पुन्हा वळतो. नवे प्रेम हे या दुसऱ्या दिशेचे एक रूप आहे. ते पहिली दिशा बंद करीत नाही.

लेखकासाठी याचा उपयोग असा की ही ये-जा प्रकरणांमध्ये वाटून न टाकता प्रसंगाच्या आत आणावी. माधवबरोबर चाललेल्या दीड तासाच्या भेटीत वसुधा किमान दोनदा दूर जाऊन परत यायला हवी, आणि प्रत्येक वेळी तिने त्याविषयी बोलायलाच हवे असे नाही. समोरच्या प्रश्नाला उशिरा आलेले उत्तर पुरते.

आणखी एक सांगतो. गेलेल्या माणसाशी नाते तोडल्याशिवाय शोक पूर्ण होत नाही, ही समजूत बराच काळ प्रबळ होती. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये तिला ठळक आव्हान दिले आणि दाखवले की अनेक माणसे मृत व्यक्तीशी नाते चालू ठेवतात, फक्त त्याचे स्वरूप बदलते. त्याही आधी, १९७१ मध्ये, वेल्समधील ड्युई रीस या डॉक्टरांनी २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून नोंदवले होते की त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व कधी ना कधी जाणवले होते. अनेकांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. तेव्हा वसुधा रिकाम्या खोलीत अनिरुद्धला दिवसभराची हकीकत सांगत असेल तर तिला वेडाच्या उंबरठ्यावर नेऊन बसवू नका. ते तिचे नेहमीचे वागणे असू द्या. माधवविषयीचे पहिले वाक्य ती त्या रिकाम्या खोलीतच बोलली, तर प्रसंग आपोआप उभा राहील.

अनवट :

पैलतीर यांच्याशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. अनिरुद्धला दोष द्या, आणि ते किरकोळ, गोड वाटणारे दोष नकोत. तो पैशांच्या बाबतीत लपवाछपवी करीत असेल, भांडण झाले की आठवडाभर अबोला धरीत असेल, तिच्या नोकरीला त्याने मनापासून कधीच किंमत दिली नसेल. मृत पात्र संत झाले की नव्या माणसाची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही आणि शोकही उथळ होतो. कारण सर्वांत जड शोक निर्मळ प्रेमाचा नसतो, अर्धवट राहिलेल्या भांडणाचा असतो. त्या सकाळी तो कामावर निघाला तेव्हा दोघे नीट बोलत होते का, हे आपण ठरवले आहे का? ठरवले नसेल तर आधी ते ठरवावे. वाचकाला सांगितले नाही तरी चालेल.

मध्यमा :

आपण 'वास्तववादी' हा शब्द वापरला आहे म्हणून लिहिते. आजच्या काळातला शोक हा मोठ्या प्रमाणात यंत्रांशी आणि खात्यांशी झुंजण्यात जातो, आणि आपल्या कथांमध्ये तो भाग जवळजवळ येतच नाही. नायिका आजही पेटीतली पत्रे उघडते. प्रत्यक्षात तिच्यासमोर एक बंद फोन असतो, ज्याचा पासकोड तिला ठाऊक नसतो.

एक प्रसंग कल्पून पाहा. विजेचे खाते अनिरुद्धच्या नावावर आहे आणि ते आपल्या नावावर करून घेण्यासाठी वसुधा संगणकासमोर बसली आहे. अर्ज भरून होतो आणि पडद्यावर सूचना येते की नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. तो क्रमांक अनिरुद्धचा. म्हणून तिने त्याचे सिम चालू ठेवले आहे, दरमहा त्याचे पैसे भरते आहे, आणि लोकांना वाटते की ती भावनेपोटी तसे करते. ती उठते, खणातला त्याचा फोन चार्जरला लावते आणि तो सुरू होण्याची वाट पाहते. फोन सुरू होतो, आणि ओटीपीच्या आधी बारा-पंधरा जुन्या सूचना धडाधड येऊन पडतात : वाढदिवसाची आठवण, कोणत्या तरी दुकानाची सवलत, एका मित्राने गटात टाकलेला विनोद. ओटीपीची मुदत संपते. तिला पुन्हा मागवावा लागतो.

या प्रसंगात एकही अश्रू नाही, आणि तरी मला वाटते की अनेक वाचक येथे पुस्तक क्षणभर खाली ठेवतील. आता त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावर, तिच्या स्वतःच्या फोनवर माधवचा साधा संदेश येऊ द्या. 'पोहोचलात का घरी?' दोन फोन शेजारी शेजारी. आपल्याला हवे ते नांदणे कोणत्याही भाष्याशिवाय पानावर आलेले असेल.

थोडी माहितीही असावी म्हणून सांगते. गुगलने २०१३ पासून निष्क्रिय खात्याचे पुढे काय करायचे हे आधीच ठरवून ठेवण्याची सोय दिली आहे. फेसबुकने २०१५ मध्ये आपल्या पश्चात खाते सांभाळणारी व्यक्ती नेमण्याची सोय आणली. ॲपलने तशीच सोय २०२१ च्या अखेरीस दिली. मात्र अचानक गेलेल्या माणसाने यांपैकी काहीही केलेले नसणे हेच जास्त संभवते. म्हणून त्याचे प्रोफाइल जसेच्या तसे राहते, वाढदिवसाला त्याच्या भिंतीवर शुभेच्छा पडतात, त्यांतल्या काही त्याच्या जाण्याची वार्ताच न कळलेल्यांच्या असतात. फोनमधील गॅलरी न मागता 'याच दिवशी पाच वर्षांपूर्वी' म्हणून फोटो पुढे करते. माधव शेजारी बसलेला असताना हे घडू शकते. पूर्वी आठवण काढायची की नाही यावर माणसाचा थोडा तरी ताबा होता. आता तोही राहिलेला नाही, आणि आधुनिक प्रेमकथेने याची दखल घेतली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

एक गोष्ट मात्र टाळावी. फोन उघडल्यावर त्यात न पाठवलेला शेवटचा संदेश सापडणे ही पत्राचीच नवी आवृत्ती आहे. आपण वर ज्या परवानगीला विरोध केला आहे, तीच मागच्या दाराने आत येईल.

रानवारा :

मी थोडा विरोधी सूर लावतो. चर्चा उत्तम चालली आहे, परंतु ती हळूहळू शोककथेची चर्चा होऊ लागली आहे आणि प्रेमकथा बाजूला पडते आहे. प्रेमकथा या प्रकाराचा वाचकाशी एक करार असतो. अमेरिकेतील रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची जी व्याख्या केली तिच्यात दोनच अटी आहेत : कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असावे, आणि शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा व आशावादी असावा. ही व्याख्या सर्वांनी मान्य करावी असे नाही, पण प्रेमकथा म्हणून पुस्तक हाती घेणारा वाचक काय अपेक्षेने येतो ते तीत नेमके सांगितले आहे.

आता माधवकडे पाहा. एवढी चर्चा झाली तरी त्याच्याविषयी आपल्याला काय कळले? तो समंजस आहे आणि संदेश पाठवतो. ही पात्ररचना नव्हे. शोकाच्या कथांमध्ये नवा प्रियकर अमर्याद धीराचा दाखवला जातो, कारण लेखकाचे सगळे लक्ष नायिकेच्या जखमेवर असते, आणि त्याचे काम फक्त वाट पाहणे एवढेच उरते. अशा माणसावर कोण प्रेम करील? त्याला काहीतरी हवे असले पाहिजे, आणि ते वसुधाला देणे अवघड असले पाहिजे. समजा त्याला आपले नाते लपवायचे नाही. घटस्फोटात त्याने वर्षानुवर्षे सगळे ठीक असल्याचे नाटक केले आहे आणि ते पुन्हा करायची त्याची तयारी नाही. उलट, अनिरुद्धच्या आईला कळेल या धास्तीने वसुधा हे नाते कोणालाही सांगू इच्छित नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आता कथेत ताण आला, आणि तो शोकाला बाजूला सारून आलेला नाही, शोकातूनच आलेला आहे.

शिवाय ओढ दाखवा. त्याच्या येण्याच्या दिवशी तिने कपडे दोनदा बदलणे, तो बोलत असताना त्याच्या मनगटाकडे पाहत राहणे, रात्री त्याचे एक साधे वाक्य आठवून हसू येणे. मध्यमवयात, एवढे सोसल्यावर, हे पुन्हा घडते आहे याचे तिला जे नवल वाटते त्यात निखळ आनंदही आहे. अपराधीपणाची चव प्रत्येक आनंदाला लावलीच पाहिजे असे नाही. कधीकधी शोकग्रस्त माणूस नुसता आनंदी असतो, तासभर का होईना, आणि तेही तितकेच वास्तव आहे.

कवडसा :

रानवारा, माधवला काय हवे आहे हा प्रश्न मला थेट उपयोगी पडणार आहे. नाते उघड करण्याचा मुद्दा मी जवळजवळ जसाच्या तसा घेईन. अनवट, त्या सकाळी दोघांत अबोला होता हे ठरलेले आहे. वाचकाला ते कथेच्या उत्तरार्धात कळते, आणि वसुधा ते माधवला सांगते, दुसऱ्या कोणालाही नाही.

आणखी एक विचारायचे आहे. शरीराविषयी कसे लिहावे? दोघांच्या पहिल्या जवळिकीचा प्रसंग मला टाळायचा नाही. तो 'आणि मग सकाळ झाली' असे म्हणून उडी मारून ओलांडणे मला अप्रामाणिक वाटते.

सांजवेळ :

शोक शरीरातच असतो, म्हणून या प्रसंगात तो येणारच. बॉस्टनमधील एका नाइट क्लबला १९४२ मध्ये भीषण आग लागली होती. तिच्यातून वाचलेल्या आणि तिच्यात माणसे गमावलेल्या लोकांचा अभ्यास एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञांनी केला व १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी केलेले तीव्र शोकाचे वर्णन आजही लेखकाने वाचावे असे आहे : वीस मिनिटांपासून तासापर्यंत टिकणाऱ्या लाटा, घसा आवळल्यासारखे होणे, श्वास अपुरा पडणे, वारंवार सुस्कारे, पोटात पोकळी, स्नायूंत बळ नसणे. यात 'हृदय पिळवटून निघाले' असे कोठेही नाही. सगळे शरीरशास्त्रीय आहे, आणि म्हणूनच ते अंगावर येते. १४ महिन्यांनंतर या लाटा विरळ झालेल्या असतील, परंतु त्यांची जागा शरीराला माहीत असते.

जवळिकीच्या प्रसंगात नव्या प्रियकराला चुकून जुन्या नावाने हाक मारणे हे फार वापरून झालेले आहे. त्याहून खरे काय असते? वसुधाचे शरीर एका विशिष्ट माणसाच्या उंचीला, वजनाला, झोपण्याच्या बाजूला सरावलेले आहे. ती आपसूक डावीकडे सरकेल आणि माधवही डावीकडेच असेल. मिठी मारताना तिचा हात जिथे जाईल तिथे त्याचा खांदा नसेल, थोडा वर असेल. हा घोटाळा दुःखाचाही आहे आणि हसण्याजोगाही. दोघे हसले तर हसू द्या. आणि तिला सुख मिळू द्या. अनेक लेखक येथे नायिकेला हुंदका आणवतात, जणू सुखाची किंमत तिने तिथेच चुकती केली पाहिजे. हुंदका यायचाच असेल तर तो दुसऱ्या दिवशी, भलत्याच ठिकाणी, बूट घालताना वगैरे यावा.

माधवच्या बाजूनेही एक ओळ असावी. मृत माणसाचा मत्सर वाटणे ही गोष्ट तो कोणालाही बोलून दाखवू शकत नाही, कारण ती उच्चारताच तो क्षुद्र ठरेल. जिवंत प्रतिस्पर्ध्याशी भांडता तरी येते.

पैलतीर :

सांजवेळ यांनी लिहिलेल्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाकडे लक्ष वेधले ज्याला समाजाची मान्यताच मिळत नाही : पूर्वीचा जोडीदार, गुप्त नात्यातील व्यक्ती, न जन्मलेले मूल. वसुधाचा शोक मान्यताप्राप्त आहे, आणि माधवचा नाही. त्याचा घटस्फोट हेही गमावणेच आहे, पण त्याच्यासाठी कोणी सांत्वनाला आलेले नाही. या असमानतेतून दोघांचे एक कडाक्याचे भांडण निघू शकते, आणि ते भांडण कथेला हवे आहे.

आणि एक सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक, तर मनोविकारांच्या निदानासाठीच्या २०२२ च्या डीएसएम-५-टीआर या अमेरिकी पुस्तिकेत प्रौढांसाठी किमान बारा महिने, अशी दीर्घकालीन शोकविकाराची कालमर्यादा आहे. परंतु केवळ काळ उलटल्याने निदान होत नाही. तीव्र ओढ किंवा गेलेल्या माणसाच्याच विचारात गुरफटणे जवळजवळ रोज असावे लागते आणि दैनंदिन जगणे गंभीरपणे अडावे लागते. वसुधा काम करते आहे, घर चालवते आहे, प्रेमातही पडते आहे. तिच्या मैत्रिणीच्या तोंडी 'आता वर्ष झालं, हे नॉर्मल नाही' असे वाक्य जरूर घाला, लोक असे बोलतात. पण निवेदकाने मैत्रिणीची बाजू घेऊ नये.

मध्यमा :

संवादाविषयी एकच सूचना, पण माझ्या मते ती फार कामाची आहे. वसुधा अनिरुद्धविषयी कोणत्या काळात बोलते याकडे लक्ष ठेवा. शोकातले माणूस वर्तमान आणि भूतकाळ यांच्यात घसरत असते आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. 'त्याला पाऊस आवडत नाही' असे ती कोणाजवळ म्हणते आणि 'त्याला पाऊस आवडायचा नाही' असे कोणाजवळ, एवढ्यावरून वाचकाला तिचा त्या माणसावरचा विश्वास कळू शकतो. अनिरुद्धच्या आईशी बोलताना दोघी वर्तमानकाळ वापरत असतील, ठरवून नव्हे, पण कधी न मोडणाऱ्या कराराप्रमाणे. माधवशी ती सुरुवातीपासून काटेकोर भूतकाळात बोलत असेल, कारण त्याला अवघडल्यासारखे होऊ नये. मग एके दिवशी त्याच्यासमोर वर्तमानकाळ निसटतो, आणि तो तिला दुरुस्त करीत नाही. कादंबरीतील जवळिकीचा सर्वांत मोठा क्षण कदाचित हाच असेल.

कवडसा :

सर्वांच्या सूचना वाचून एक परिच्छेद लिहिला आहे. माधव पहिल्यांदाच वसुधाच्या घरी आला आहे, दोघे दिवाणखान्यात बसले आहेत.

*"खिडकी लावू का? पाणी आत येतंय," माधव म्हणाला.*

*"असू दे. अनिरुद्धला बंद खिडकी चालत नाही." ती बोलली आणि तिने कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठांना लावला. माधवने खिडकीकडे पाहिले. मग तो उठला, खिडकीखालची पुस्तके उचलून त्याने पलीकडच्या टेबलावर ठेवली आणि परत आपल्या जागी येऊन बसला. पाणी फरशीवर येत राहिले. तिच्या मनात कृतज्ञता दाटून आली. "उद्या आईंकडे जायचंय मला," ती म्हणाली, "तुमच्याविषयी सांगायला."*

अनवट :

पुस्तके हलवणे फार छान जमले आहे. खिडकीही उघडी राहिली आणि त्याला घराची काळजीही आहे, दोन्ही कळले. 'तिच्या मनात कृतज्ञता दाटून आली' हे वाक्य काढून टाका. रिकाम्या कपाने ते काम आधीच केले आहे, आणि पुढच्या तिच्या बोलण्याला ते वाक्य निष्कारण कारण पुरवते.

रानवारा :

अनवट यांच्याशी सहमत. माझा आक्षेप शेवटच्या वाक्याला आहे. नाते उघड करण्यावरून दोघांत ताण असेल, तर तो इतक्या लवकर, त्याने पुस्तके उचलली म्हणून सुटू नये. नाहीतर ती त्याच्या चांगुलपणाची परतफेड करते आहे असे वाटेल. तिने 'उद्या आईंकडे जायचंय मला' एवढेच म्हणावे. तो विचारील, 'मी सोडू का तिथपर्यंत?' आणि तिला उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर काय असेल यावर पुढचे प्रकरण उभे राहू शकते.

कवडसा :

कृतज्ञतेचे वाक्य काढले. माधवचा प्रश्न ठेवते आहे. वसुधा 'कोपऱ्यापर्यंत' असे उत्तर देईल, असे सध्या वाटते; त्याला ते पुरेल का, हे त्याच्या बाजूने लिहून पाहिल्यावरच कळेल. ते प्रकरण झाले की येथेच देते.